हवे ते मिळाले, पण भलत्याच वाटेने : आपला अनुभव काय?

प्रश्न : चौथी सीट (कल्याण)

नमस्कार मंडळी. विषय वरवर क्षुल्लक वाटेल, कारण तो लोकलच्या खिडकीचा आहे. पण गेली काही वर्षे तो माझ्या मनातून जात नाही, म्हणून इथे मांडतो.

मी कल्याणला राहतो आणि परळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो. १९९८ पासून सकाळची कल्याण फास्ट ही माझी गाडी. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप होता आणि त्यात बसण्याचा क्रम ठरलेला होता. तो वयावर किंवा मानावर नव्हे, तर कोण कुठे उतरतो यावर ठरत असे. सीएसएमटीला उतरणारे आत खिडकीपाशी बसत, भायखळ्याचे मध्ये, आणि दादरवाले बाहेर, कारण दादरला उतरायचे तर कुर्ला येताच उठून दाराच्या दिशेने सरकायला लागावे लागते. मी दादरचा. त्यामुळे तिघांच्या बाकावर सर्वांनी सरकून घेतल्यावर जी अर्धी जागा उरते, ती चौथी सीट, माझी ठरली ती ठरलीच. एक पाय बाहेर, बूड अर्धे अधांतरी आणि डोळ्यांसमोर उभ्या माणसांच्या पट्ट्यांची बक्कले व डब्यांच्या पिशव्या, एवढेच दृश्य मी बावीस वर्षे पाहिले.

खिडकीत आमच्या ग्रुपचे काका बसत. ते फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात होते आणि गाडी ज्या दिशेने जाते त्या बाजूला तोंड असलेली, म्हणजे वारा खाणारी खिडकी त्यांची. ग्रुपमधला एक तरुण गाडी पुरती थांबण्याआधीच आत शिरून तिच्यावर रुमाल टाकत असे. मी गमतीने वारंवार म्हणायचो, काका, एकदा तरी मला तिथे बसून ठाण्याची खाडी पाहू द्या. ते मे २०२० अखेर निवृत्त होणार होते. शेवटच्या दिवशी तुला खिडकीत बसवू आणि दादरला आम्ही सगळे मिळून उचलून दारापर्यंत पोहोचवू, असे त्यांनी चार माणसांदेखत कबूल केले होते. पेढे कोणी आणायचे, हेही ठरले होते.

त्यानंतर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. आम्हाला एसटीच्या आणि बेस्टच्या खास गाड्यांनी कामावर न्यायला सुरुवात झाली. काका घरी बसूनच निवृत्त झाले. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल पुन्हा सुरू झाल्या तेव्हा स्थानकाच्या दाराशी ओळखपत्र दाखवून मी आत गेलो. सुमारे १,२०० बसण्याच्या जागा असलेल्या गाडीत ७०० जणांनाच बसू द्यायचे, असे ठरले होते. बाकावरची मधली जागा मोकळी सोडायची होती. म्हणजे चौथी सीट नावाचा प्रकारच रद्द झाला होता. आमच्या डब्यात त्या दिवशी अकरा माणसे होती. मी वाऱ्याच्या खिडकीत बसलो. त्या काळी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात असत. बोगदा संपला, कळवा मागे पडले आणि पुलाखाली खाडी आली. ओहोटी होती. चिखलात तिवरांची मुळे उघडी पडली होती आणि एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून काहीतरी वेचत होता. मास्क असल्यामुळे वारा फक्त डोळ्यांना आणि कपाळाला लागत होता.

मला आनंद झाला, हे मी कबूल करतो, आणि माझी अडचण तिथेच आहे. अर्ध्या तासाने मी प्रयोगशाळेत जाऊन ज्या नमुन्यांच्या रांगा पाहणार होतो, त्यांच्याच कारणाने मला ही खिडकी मिळाली होती. तरीही तो आनंद खोटा नव्हता, आणि पुढचे काही महिने रोज होत राहिला. गर्दी परतली, खिडकी गेली आणि मला, सांगायलाही विचित्र वाटते, सुटल्यासारखे वाटले.

आपल्यापैकी कोणाला मागितलेली गोष्ट अशी भलत्याच दाराने मिळाली आहे का? मिळाल्यावर ती आपली वाटली का? अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती.

उत्तर १ : डाऊन करून येणारा (डोंबिवली)

आपला प्रश्न मला क्षुल्लक वाटला नाही. मी डोंबिवलीहून रोज उलट्या दिशेने कल्याणला जातो आणि तिथून गाडी पकडून पुन्हा डोंबिवलीवरूनच मुंबईला येतो, म्हणजे खिडकीसाठी रोज अर्धा-पाऊण तास जादा मोजतो. घरच्यांना हा वेडेपणा वाटतो. अधिकृत भाड्याचा विचार करून मी पासही कल्याणपासूनचा काढतो, कारण डाऊन करणाऱ्यांना तपासनीस पकडतात, हे आपणही पाहिले असेल.

या अनुभवाच्या जोरावर सांगतो, आपली इच्छा १५ जूनला पूर्ण झालीच नाही. आपल्याला हवी होती ती भरलेल्या डब्यातली खिडकी. ज्या खिडकीसाठी कोणी रुमाल टाकत नाही, जिच्याकडे उभे असलेले चाळीस जण हेव्याने पाहत नाहीत आणि जी कोणी आपल्याला 'बस' म्हणून देत नाही, ती गजांची एक चौकट आहे, इतकेच. खाडी तर आपण दारात उभे राहूनही पाहू शकला असता. आपल्याला काकांनी जागा द्यायला हवी होती, आणि ती त्यांनी दिली नाही, ती रिकामी होती म्हणून आपण बसलात. रिकाम्या जागेवर बसण्याला मिळणे म्हणत नाहीत.

गर्दी परतल्यावर सुटल्यासारखे का वाटले, याचेही उत्तर मला यातच दिसते. थोडे कठोर लिहिले असेल तर क्षमस्व.

उत्तर २ : गिरणगावची लेक (लालबाग)

वरच्या उत्तरात मिळणे म्हणजे काय हा मुद्दा निघाला, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आम्ही सात माणसे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहत होतो आणि नळ मजल्याच्या टोकाला होता. बाबांची एकच इच्छा होती, मुंबईत स्वतःचे घर असावे आणि नळ घरात असावा. त्यासाठी ते जादा पाळ्या करत. भिशीत पैसे टाकत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले त्यात तेही होते. तो संप मागे घेतल्याचे रीतसर कोणी कधी जाहीरच केले नाही, त्यामुळे आमच्या घरात नोकरी संपल्याची तारीख नाही. भोंगा वाजेनासा झाला, एवढेच. भिशी मोडली, मोठा भाऊ शाळा सोडून दुकानात लागला, आणि नळाचे नाव पुन्हा वीस वर्षे कोणी काढले नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींना मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने या जमिनींचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या पडलेल्या भूखंडापुरता उरला आणि वाटे एकदम आटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम राहिली. तरीही संघटनांनी मोर्चे काढले, अर्ज भरून घेतले. बाबा ऊन-पावसात प्रत्येक मोर्चाला जात. १ जानेवारी १९८२ ला पटावर असल्याचा पुरावा म्हणून गिरणीचे जुने तिकीट आणि पगाराची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी उशीखाली ठेवली होती. २८ जून २०१२ रोजी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत निघाली आणि बाबांचे नाव लागले. सव्वादोनशे चौरस फूट, साडेसात लाख रुपये. त्यातले बरेचसे भावाने कर्ज काढून भरले.

घर मिळाले ते त्यांच्या गिरणीत नव्हे, दुसऱ्याच एका गिरणीच्या आवारात. त्या गिरणीशी आमचा संबंध एवढाच होता की तिचा भोंगा पहाटे आमच्या खोलीत ऐकू येई. ताबा मिळाला त्या दिवशी बाबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला आणि मग पाण्याचा अपव्यय होतो म्हणून स्वतःच रागावले. चाळीतले पितळी पिंप त्यांनी हट्टाने नव्या घरात आणले. फ्रिजची जागा त्याने खाल्ली. यावरून आमची दोन दिवस भांडणे झाली. पिंप अजून तिथेच आहे आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत आहे.

गिरणी चालू राहिली असती तर घर झाले असते की नाही, कोण जाणे. पण गिरणी बंद पडली नसती तर हे घर नक्कीच झाले नसते. त्यामुळे आपली कुचंबणा मला समजते. एक फरक मात्र नोंदवते. लोक आम्हाला म्हणतात, तुम्हाला लॉटरी लागली. हा शब्द बाबांना फार लागत असे. तीस वर्षे दारात बसून राहिलेल्या माणसाला दार उघडून आत घेतले, तर त्याला लॉटरी म्हणू नये. खिडकीचे मला माहीत नाही, परंतु आपण त्या महिन्यांत रोज कामावर जात होतात, हे आपल्या प्रश्नात एका ओळीत उरकले आहे. ते तसे उरकण्याजोगे नाही.

उत्तर ३ : मोत माउलीची भक्त (दादर)

इतक्या गंभीर लेखनानंतर माझे थोडे हलके वाटेल, पण हकीकत खरी आहे.

लग्नानंतर आम्ही दादरला सासरच्या एका खोलीत सात जण होतो. सप्टेंबरात ८ तारखेच्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चमधल्या मेरीमातेची, जत्रा भरते. तिथे पायथ्यापासून मेणाच्या वस्तूंची दुकाने असतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवे तर मेणाचे बाळ. आमच्यासारखी हिंदू घरातली माणसेही तिथे रांगा लावतात, हे मुंबईकरांना सांगायला नको. मी मेणाचे घर घेतले. उतरत्या छपराचे, दारे-खिडक्या असलेले, तळहातावर मावेल एवढे. डब्यात नीट बसेना म्हणून ओढणीत गुंडाळून वर नेले. आईसमोर ठेवले आणि म्हटले, स्वतंत्र घर दे.

सात महिन्यांत मिळाले. चार खोल्या, पुढे अंगण, मागे आंब्याचे झाड. यजमानांना बढती मिळून कार्यालयीन निवासस्थान लागू झाले होते, फक्त ते चंद्रपूरला होते. ज्या बाईने दादरच्या चौपाटीवर रोज संध्याकाळी फिरायला जाण्यापलीकडे जग पाहिले नव्हते, ती चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ओले टॉवेल खिडक्यांना टांगून अकरा वर्षे राहिली. कुंभकर्णाला इंद्रासन मागायचे होते आणि जिभेने घात केला म्हणून निद्रासन मिळाले, असे आपल्याकडे सांगतात. माझी जीभ नीट चालली, मी पत्ता सांगायला विसरले.

नवस मात्र फेडला. पुढच्या वर्षी रात्रभर प्रवास करून आले आणि मेणबत्ती लावली. सासूबाई म्हणाल्या, आता काही मागू नकोस, नाहीतर आम्हालाही कुठे पाठवशील. माझी मुले अजूनही चंद्रपूरला 'आपले गाव' म्हणतात, आणि त्यांना मुंबईत आवडत नाही ही माझी तक्रार मी कोणाकडे न्यावी, हे मला उमगलेले नाही.

उत्तर ४ : काकतालीय (पार्ले)

मला या चर्चेत एक मूलभूत गल्लत दिसते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, यात कावळ्याचा दोष नाही आणि कर्तृत्वही नाही. आपण बावीस वर्षे खिडकी मागितली म्हणून गाडी रिकामी झाली, असे आपल्याला तर्काने वाटत नसणार. पण आपल्या लिहिण्यातला अपराधी सूर असे सुचवतो की कुठेतरी आत तसे वाटते. इतके महत्त्व स्वतःला देऊ नये, असे नम्रपणे सुचवतो.

दुसरे असे की हिशेबच मांडायचा तर पुरा मांडावा. साथीच्या आधी मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावत असत. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून हात सुटून. २०२० मध्ये गाड्याच कमी धावल्या आणि ती संख्या निम्म्याच्याही खाली आली. ती वाचलेली माणसे कोण, हे कोणालाच कळणार नाही. त्यांना स्वतःलाही नाही. त्यांनी असे वाचावे, हेही कोणी मागितले नव्हते. आपण खिडकीत बसून खाडी पाहिलीत, चांगले केलेत.

लालबागच्या ताईंच्या लेखनाला मात्र हा न्याय लावता येत नाही, हे मान्य करतो. तिथे फांदी आपोआप तुटली नव्हती.

चौथी सीट (कल्याण) यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रश्न मांडताना मला वाटले होते की दोन-चार जण लोकलच्या आठवणी लिहितील.

ताई, आपल्या वडिलांच्या पिंपाचा परिच्छेद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. कामावर जाण्याबद्दल आपण लिहिलेत ते वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. पार्ल्याच्या सद्गृहस्थांचा टोला मान्य आहे. मृत्यूंचा तो हिशेब माझ्या मनात कधी आलाच नव्हता. चंद्रपूरच्या काकूंना एकच सांगतो, माझ्या आईनेही मोत माउलीला मेणाचे घर वाहिले होते आणि आम्हाला कल्याण मिळाले. तिनेही पत्ता घातला नसणार.

डोंबिवलीच्या मित्रांचा मुद्दा मात्र डोक्यात राहिला, आणि त्यावरून एक गोष्ट आठवली, जी मूळ प्रश्नात लिहायला हवी होती. खिडकी रिकामी होती, दिलेली नव्हती, हे अगदी बरोबर आहे. काकांना मी त्या खिडकीबद्दल कधी सांगितलेही नव्हते. फोन होत असत, तब्येतीची चौकशी होई, पण हा विषय मी टाळत होतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वांना लोकल खुली झाली आणि दिवाळीपर्यंत आमचा डबा पूर्वीसारखा भरू लागला. ग्रुपमधले निम्मेच परतले होते. कोणी घरून काम करत होते, एक जण गावी गेला तो तिकडेच राहिला. नोव्हेंबरात एका सकाळी काका फलाटावर उभे दिसले. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले होते. रुमाल टाकणाऱ्याने सवयीने त्यांच्यासाठी वाऱ्याची खिडकी धरली. काका आले, खिडकीकडे पाहिले, आणि सीएसएमटीला जाणाऱ्या एका नव्या मुलाला म्हणाले, तू बस आत.

मी म्हटले, काका, तुमची जागा आहे ती. ते म्हणाले, माझी बँक दादरला आहे.

नियम त्यांनीच घालून दिलेला होता. दादरवाला बाहेर. ते चौथ्या सीटवर बसले, एक पाय मार्गिकेत टाकून, आणि मला ढकलत म्हणाले, तू तिकडे सरक, मला नीट टेकू दे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी भरलेल्या डब्यात तिसऱ्या सीटवर पाठ टेकून बसलो. तिथूनही खाडी दिसत नाही, मधल्या माणसाचे वर्तमानपत्र आड येते. बोगद्याच्या अलीकडे मी त्यांना त्या जूनमधल्या सकाळीबद्दल सांगितले. त्यांनी एकच विचारले, भरती होती का ओहोटी? मी म्हटले, ओहोटी. ते म्हणाले, मग काही पाहिले नाहीस.

कुर्ला गेल्यावर आम्ही दोघे उठलो आणि दाराकडे सरकू लागलो.